‘मुंबई’ आताच मागून ठेवा

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्याचे आराखडे ज्यांच्या टेबलावर आहेत ते सर्व अधिकारी

विषय : आयएनएस मुंबई या विनाशिकेला निवृत्तीनंतर मुंबईत जागा देण्याबाबत. निवृत्तीच्या आधीच.

महोदय,

विषय वाचून आपल्या कार्यालयातलं कुणीतरी म्हणेल, अहो, ही बोट अजून नोकरीत आहे, हिच्या निवृत्तीचं आत्ता काय? खरं आहे. आयएनएस मुंबई चालू आहे, सशस्त्र आहे, आणि ती उद्या-परवा घरी बसणार नाही. म्हणूनच आज लिहितोय. जहाजाच्या बाबतीत आपल्या राज्याला जाग येते ती झेंडा उतरल्यानंतर, आणि तोवर भंगारवाला वजनकाटा घेऊन उभा असतो. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा मी मुंबईतच होतो.

पहिली विक्रांत, विमानवाहू नौका. 1943 साली इंग्लंडात टाइन नदीकाठी ‘हर्क्युलिस’ नावानं तिचं काम सुरू झालं. महायुद्ध संपलं, काम थांबलं, आणि अर्धवट सांगाडा अकरा-बारा वर्षं तसाच पडून राहिला. 1957 च्या जानेवारीत तो भारतानं विकत घेतला. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत ती पुरी झाली. (हे बेलफास्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.) 4 मार्च 1961 ला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती नौदलात आली आणि त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला मुंबईत पोचली. बॅलार्ड पिअरवर तिच्या स्वागताला पंतप्रधान नेहरू स्वतः उभे होते. तिचं ब्रीद ऋग्वेदातलं : ‘जयेम सं युधि स्पृधः’. युद्धात आमच्याशी स्पर्धा करणाऱ्यांना आम्ही जिंकू, असा त्याचा साधारण अर्थ.

1971 मध्ये तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता. वेग जेमतेम. पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी खास तिच्या शिकारीसाठी बंगालच्या उपसागरात आली होती. विक्रांत अंदमानच्या बाजूला दडवून ठेवली गेली, आणि ती विशाखापट्टणमलाच आहे असं शत्रूला वाटावं म्हणून राजपूत या जुन्या विनाशिकेनं तिचं सोंग घेतलं. 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली. मग विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव, कॉक्स बाजार, खुलना, मोंगला ही बंदरं बंद करून टाकली. फुटक्या बॉयलरच्या बोटीनं एका देशाच्या जन्माला हातभार लावला, आणि तिच्या लोकांनी दोन महावीर चक्रं व बारा वीर चक्रं मिळवली.

31 जानेवारी 1997 ला ती निवृत्त झाली. 2001 पासून 2012 पर्यंत ती मुंबईतच तरंगतं संग्रहालय म्हणून होती. मी शाळेत असताना बाबांबरोबर ती पाहिली. बाबा माझगाव गोदीत वेल्डर. मी विमानं पाहत होतो आणि ते भिंती. एका दाराच्या चौकटीवर त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ह्यो जोड बघ. हात चांगलो आसा.” मला त्या वयात त्याचं काय? मी सी हॉकच्या चाकाकडे धावलो.

पुढची कथा आपल्या फायलींमध्ये आहेच. डागडुजीला पैसे नाहीत, नौदलाला एकट्याला झेपत नाही, राज्याला परवडत नाही. बंदरातल्या ऑयस्टर रॉक या बेटाजवळ तिला कायमची उभी करण्याचा विचार झाला, तोही कागदावरच विरला. बोट लोकांसाठी सुरक्षित राहिली नाही म्हणून बंद. मग लिलाव, सुमारे साठ कोटी रुपये. उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. 2014 च्या नोव्हेंबरात, जिथे जहाजं तोडतात त्या दारूखाना भागात, तिला गॅस कटर लागले. बाबा तेव्हा निवृत्त होते. एका सकाळी रे रोडला उतरून आम्ही लांबूनच पाहिलं. ठिणग्या दिसत होत्या, आवाज येत नव्हता. तिचं काही पोलाद वितळवून बजाजनं मोटारसायकल काढली आणि लोकांनी ती हौसेनं घेतली. मी त्यांना हसत नाही. निदान त्यांनी काहीतरी घरी तरी नेलं. नौदल गोदीच्या लायन गेटसमोर 2016 साली तिच्याच धातूतून केलेलं एक छोटं स्मारक उभं राहिलं. बेस्टच्या बसमधून पाहिलं तर दिसतं, तेही सिग्नल लागला तर.

दुसरी विराट. जगातली सर्वांत दीर्घ सेवा केलेल्या विमानवाहू नौकांपैकी ती एक. 1959 पासून ब्रिटनकडे ‘हर्मीस’, 1982 च्या फॉकलंड युद्धात त्यांच्या ताफ्याची प्रमुख नौका, आणि 12 मे 1987 पासून आपली. ‘जलमेव यस्य, बलमेव तस्य’ हे तिचं ब्रीद. ज्याच्या हाती पाणी, त्याच्या हाती बळ. 6 मार्च 2017 ला ती निवृत्त झाली. 1 नोव्हेंबर 2018 ला आपल्याच मंत्रिमंडळानं 852 कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली : सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय, हॉटेल, समुद्रातली साहसं, सगळं काही. कोकणातल्या आमच्या माणसांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. दोन वर्षांत ती 38 कोटी 54 लाखांना भंगारात गेली. 19 सप्टेंबर 2020 ला तिनं मुंबई सोडली आणि 28 ला गुजरातेत अलंगच्या जहाजतोडणीच्या किनाऱ्यावर तिला चढवलं. त्यानंतर तिला वाचवायला एक कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, पण तोवर तोडकाम बरंच पुढे गेलेलं होतं.

852 कोटींची मंजुरी आणि साडेअडतीस कोटींची विक्री. या दोन आकड्यांच्या मधे जे हरवलं ते मला पैशापेक्षा वेळेचं वाटतं. मंजुरी मिळाली तेव्हा विराट निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. निवृत्त जहाज म्हणजे उघड्यावरचं घर. चालत्या जहाजावर शेकडो खलाशी रोज गंज खरवडतात, रंग मारतात, पंप चालवतात, दारांच्या रबरी पट्ट्या बदलतात. झेंडा उतरला की ही माणसं दुसऱ्या जहाजावर जातात. मग खारं पाणी, गाळ आणि शेवाळ आपलं काम सुरू करतात आणि ते एक दिवसही सुट्टी घेत नाहीत. पाण्याखालच्या भागाला तर सुक्या गोदीत घेतल्याशिवाय हातही लावता येत नाही. दरवर्षी निर्णय लांबतो, दरवर्षी दुरुस्तीचा आकडा फुगतो, आणि शेवटी तो फुगलेला आकडा दाखवूनच सांगितलं जातं, बघा, परवडत नाही.

शिवाय दोन्ही वेळा आपण मागितली ती सर्वांत मोठी वस्तू. विक्रांत 213 मीटर, विराट जवळपास 227 मीटर आणि अठ्ठावीस हजार टनांच्या वर. घर वन रूम किचनचं आणि आणायला निघालो हत्ती.

आयएनएस मुंबई 163 मीटर लांब आणि 17 मीटर रुंद आहे. भरल्या वजनानं सुमारे 6,700 टन, म्हणजे विराटच्या चौथाईहूनही कमी. आणि ती आपली आहे. ही भावनेची बाब नाही, जन्मदाखल्याची आहे. विक्रांत टाइनवर जन्मली, विराटही इंग्लंडातच. मुंबई माझगावात जन्मली. 1992 च्या डिसेंबरात तिची पठाण घातली. (पठाण म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा. गोदीतले लोक ‘कील’ म्हणतात. बाबा मालवणकडचे, त्यांच्या तोंडी पठाण.) तो डिसेंबर या शहरात कसा गेला हे आपल्याला आठवत असेल. दंगलींच्या त्या दिवसांत गोदीचा भोंगा वाजला की बाबा डबा घेऊन निघायचे आणि आई दारात उभी राहायची. 20 मार्च 1995 ला जहाज पाण्यात उतरलं. त्याच वर्षी शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं. 22 जानेवारी 2001 ला ते नौदलात दाखल झालं. पठाण ते झेंडा, आठ वर्षं.

आठ वर्षं का लागली, यातच तिचं मोठेपण आहे. दिल्ली, मैसूर आणि मुंबई या तीन बहिणी. पहिली दिल्ली आली तेव्हा भारतात बांधलेली ती सर्वांत मोठी युद्धनौका होती. आराखडा आपल्या नौदलाच्या स्वतःच्या रचना विभागाचा, सोव्हिएत मदतीसह. आणि ऐन बांधणीत सोव्हिएत संघ मोडला. यंत्रं एका देशात, शस्त्रं दुसऱ्या देशात, कागदपत्रं तिसरीकडे. गॅस टर्बाइन युक्रेनची, क्षेपणास्त्रं रशियाची, दूरवरची विमानं हेरणारं रडार डच परवान्यावर भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेलं. हे सगळं एका सांगाड्यात बसवायचं, आणि ते एकमेकांशी बोललं पाहिजे. आज रशिया आणि युक्रेन एकमेकांची शहरं जाळत आहेत, आणि दोघांची यंत्रं माझगावच्या एका पोलादी पेटीत पंचवीस वर्षं शेजार करून आहेत.

बांधली तेव्हा तिच्यावर जहाजांवर मारा करणारी सोळा उरान क्षेपणास्त्रं होती, चार-चारच्या जुड्यांत. विमानांसाठी श्टिल क्षेपणास्त्रं. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, 100 मिलिमीटरची तोफ. पाणबुड्यांसाठी पाणतीर (टॉर्पेडो) आणि रॉकेटं. मागच्या बाजूला दोन सी किंग हेलिकॉप्टरं उतरतील एवढा हँगर. नंतर बरंच बदललं, मोठी दुरुस्ती झाली. बाबांना शस्त्रांचं काही सांगता येत नाही. त्यांना एवढंच ठाऊक आहे की तोफेखालची प्लेट जाड होती, आधी तापवून घ्यावी लागायची, आणि तिथल्या जोडाचा एक्स-रे पास झाला त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

या वर्गातूनच पुढे कोलकाता वर्ग आला, त्यातून विशाखापट्टणम वर्ग, आणि त्यातली शेवटची सुरत 15 जानेवारी 2025 ला निलगिरी आणि वाघशीर यांच्यासोबत मुंबईतच दाखल झाली. त्या दिवशी वृत्तवाहिन्यांवर स्वदेशीचा गजर चालला होता. पण माझगावात एवढ्या मोठ्या विनाशिका बांधायचा हात बसला तो या तीन बहिणींवर. तो धडा जपायचा तर तिघींतली एक तरी उभी राहायला हवी. कोणती, याचं उत्तर नावातच आहे.

आता तिनं काय केलं ते. सोळा क्षेपणास्त्रांच्या या जहाजाच्या कारकिर्दीतले मला सर्वांत मोठे वाटणारे दोन प्रसंग माणसं आणण्याचे आहेत. 2006 च्या जुलैत लेबनॉनवर बॉम्ब पडत होते. मुंबई आणि तिच्या सोबतच्या तीन नौका बैरूतहून लोकांना सायप्रसला घेऊन गेल्या : सव्वादोन हजारांच्या आसपास, भारतीयांबरोबर नेपाळ आणि श्रीलंकेचेही. 2015 च्या एप्रिलमध्ये येमेन. एडनच्या बंदरात गोळीबार चालू, जहाजाला धक्क्याला लागणंच शक्य नव्हतं. मुंबई बाहेर उभी राहिली, लोक लहान होड्यांतून तिच्यापर्यंत आले आणि शिडीनं वर चढले. एका फेरीत चारशेहून अधिक. त्यांना तिनं जिबूतीला पोचवलं. त्या लोकांत निम्म्याहून अधिक परदेशी होते. विनाशिका हा शब्द मला तेव्हापासून जरा चुकीचाच वाटतो, पण तो आता बदलणार नाही.

हे संग्रहालयात लहान मुलाला कसं दाखवायचं याचा विचार कराल तेव्हा कृपया लेझर शो आधी डोक्यातून काढा. एक शिडी लोंबती ठेवा. तिच्यावरून वर चढू द्या. खाली पाणी, डोक्यावर दहा-बारा फूट सरळ पोलाद, हातात ओला दोर. बाकी सगळं मूल स्वतः समजून घेईल.

‘मुंबई’ हे नाव समुद्रावर नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात ‘बॉम्बे’ नावाची एक सुरुंगशोधक नौका होती. 1942 च्या मे अखेरीस जपानी छोट्या पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या त्या रात्री ती तिथेच होती. या शहराच्या नावाचं जहाज सिडनीच्या त्या गोंधळात उभं होतं, हे मुंबईत किती जणांना माहीत असेल? दहा जणांना विचारून पाहा.

आणि मुंबईत बांधलेलं जहाज दोनशे वर्षं टिकल्याचा दाखलाही आहे, फक्त तो मुंबईत नाही. वाडिया कुटुंबाची गोदी आपल्याला ठाऊक आहे. सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया अठराव्या शतकात आले. 1750 साली मुंबईत आशियातली पहिली सुकी गोदी तयार झाली. मलबारच्या सागवानातून या गोदीत ब्रिटिश नौदलाची जहाजं बांधली गेली. त्यातलं 1817 साली उतरवलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडच्या हार्टलपूल गावात पाण्यावर तरंगतंय. तरंगत्या ब्रिटिश युद्धनौकांत ते सर्वांत जुनं मानलं जातं. आपल्या सुतारांनी घडवलेल्या जहाजाला हार्टलपूलमधले लोक तिकीट काढून बघतात. 1813 साली इथेच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर 1842 मध्ये चीन आणि ब्रिटनमधल्या नानकिंग तहावर सह्या झाल्या. म्हणजे शहराच्या हातात कसब होतं, बांधून देण्याचं. बांधलेलं जपून ठेवायची सवय मात्र दुसऱ्यांची.

आता बेलफास्ट. लंडनमध्ये टेम्सवर, टॉवर ब्रिजच्या शेजारी ‘बेलफास्ट’ ही क्रूझर उभी आहे. 1938 साली बेलफास्ट शहरात, हार्लंड अँड वुल्फ गोदीत ती पाण्यात उतरली. आपली विक्रांत जिथे पुरी झाली तीच ही गोदी. महायुद्ध, मग कोरिया, मग निवृत्ती. तीही भंगारातच जाणार होती. काही लोकांनी आणि एका संग्रहालयानं वेळेत हालचाल केली आणि 1971 पासून ती टेम्सवर आहे. लांबी 187 मीटर, आपल्या मुंबईहून चांगली मोठी. शहराचं नाव, त्याच शहरातली बांधणी, आणि पाण्यावरची कायमची जागा. फरक एकच : बेलफास्टची ‘बेलफास्ट’ बेलफास्टमध्ये नाही. आपली ‘मुंबई’ मुंबईतच ठेवता येईल.

जपाननं दुसरी रीत काढली. 1905 च्या त्सुशिमाच्या लढाईतली अॅडमिरल टोगोंची ‘मिकासा’ योकोसुकाच्या किनाऱ्यावर जमिनीत बसवून टाकली. पाण्याखालचा भाग पाण्यात ठेवलाच नाही, म्हणजे तळाच्या गंजाचा आणि गाळाचा प्रश्नच उरला नाही. आपल्याकडेही हे झालं आहे. विशाखापट्टणमची कुरसुरा ही पाणबुडी 2001 च्या फेब्रुवारीत निवृत्त झाली आणि 2002 च्या ऑगस्टमध्ये रामकृष्ण बीचवर वाळूत उभी होती. दीड वर्ष. विराटच्या फायलीला पहिली मंजुरी मिळायला लागला साधारण तेवढाच काळ. कारवारला चपळ ही क्षेपणास्त्र नौका किनाऱ्यावर आहे. दीवला खुकरी आहे, 1971 च्या युद्धात बुडालेल्या ज्या खुकरीबरोबर तिचे कॅप्टन मुल्ला गेले तिच्या नावाची वारस. महाराष्ट्राकडे सातशे किलोमीटरहून लांब किनारा आहे, नौदलाचं पश्चिम मुख्यालय आहे, माझगाव आहे. दाखवायला अखंड जहाज कुठलं?

गुलदार. मान्य आहे. ही निवृत्त उतरणनौका (सैन्य किनाऱ्यावर उतरवणारी) निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आपल्या विभागानं हाती घेतली, आणि ती कल्पना मला मनापासून आवडली. प्रवाळ धरेल, मासे येतील, कोकणातल्या पोरांना डायव्हिंगचं काम मिळेल. पण ते पोहणाऱ्यांचं संग्रहालय. माझ्या बाबांना आणि शाळेच्या सहलीला तिथे जाता येणार नाही.

आणि विशाखापट्टणमचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. 2023 च्या डिसेंबरात आयएनएस मुंबई पश्चिमेकडून पूर्वेच्या ताफ्यात गेली. तिचा मुक्काम आता विशाखापट्टणमलाच आहे, कुरसुरापासून फार लांब नाही. ते शहर जहाज मागायला लाजत नाही आणि मिळालेलं जहाज किनाऱ्यावर चढवायला दीड वर्षाच्या वर घेत नाही. उद्या त्यांनी हात पुढे केला तर नौदलानं नाही का म्हणावं? मग मुंबई नावाची बोट आंध्रात पाहायला आपण रेल्वेचं आरक्षण करू.

तर माझं मागणं. संरक्षण मंत्रालयाशी आत्ताच लेखी बोलणं सुरू करा की हे जहाज निवृत्त होईल त्या दिवशी ते थेट राज्याच्या ताब्यात येईल, मधे रिकामं पडून राहणार नाही. झेंडा सूर्यास्ताला उतरतो, दुसऱ्या दिवशी सकाळी आपले रंगारी डेकवर असले पाहिजेत. यासाठी 852 कोटींची घोषणा नको. दरवर्षी थोडी रक्कम वेगळ्या खात्यात, जिला कुठलंही सरकार आलं तरी हात लावता येणार नाही. दहा-बारा वर्षांत त्यातून बरंच जमेल. पूर्व किनाऱ्याच्या आराखड्यात तिची जागा आजच आखा. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक बुजवले गेले, हे पुन्हा उकरून काढत नाही. पण उरलेल्या किनाऱ्यावर 163 मीटर लांब, 17 मीटर रुंद एक खाचर ठेवायला सांगा. मिकासासारखं कोरडं बसवायचं की पाण्यावर ठेवायचं हे जाणकार ठरवतील. मी कोरड्याच्या बाजूनं आहे. मुंबईच्या गाळाशी कुणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही.

प्रतीकांच्या बाबतीत एक बोलून घेतो, कारण त्यांची आपल्याकडे अलीकडे चलती आहे. 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत नवी विक्रांत दाखल झाली त्याच दिवशी नौदलाला नवा ध्वज मिळाला. त्यातला अष्टकोन शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून, खाली ‘शं नो वरुणः’. पुढच्या वर्षी नौदल दिन सिंधुदुर्गात झाला. कान्होजी आंग्रे यांच्या नावानं मुंबईत नौदलाचं ठाणं आहेच. हे सगळं चांगलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण छत्रपतींनी आधी जहाजं बांधली, गलबतं आणि गुराबा. कल्याण-भिवंडीच्या खाडीत सुतार बसवले, सागवान आणलं, मग दुर्ग उभे राहिले. मुद्रेच्या मागे लाकूड होतं आणि लाकडावर हात होते. नव्या विक्रांतनं जुन्या विक्रांतचा क्रमांक घेतला, ब्रीद घेतलं, आणि जुनीची घंटाही तिच्याकडे गेली. फार सुरेख रीत आहे ही. घंटा वाचली, बोट वाचली नाही, हेही खरं.

आणखी एक मागणं, आणि याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. ज्यांनी हे जहाज बांधलं त्यांची माहिती गोळा करा. फिटर, वेल्डर, रिगर, क्रेनवाले, रंगारी, ड्रॉइंग ऑफिसातले लोक. 1992 ते 2001 या काळात माझगावात काम केलेले कितीतरी आता सत्तरीच्या पुढे आहेत. लालबाग-परळ सोडून कुणी डोंबिवलीला गेले, कुणी विरारला, बाबांसारखे काही गावी. कॅप्टनांची छायाचित्रं प्रत्येक जहाजावर भिंतीला असतात, पितळी पाटीवर नावं कोरलेली. कुठल्या फ्रेमवर कुणाचा हात फिरला याची पाटी मी अजून कुठे पाहिलेली नाही. एक माणूस, एक रेकॉर्डर आणि दोन वर्षं दिलीत तर हे काम होईल. पाच वर्षांनी दिलीत तर निम्मंच होईल.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गेल्या गणपतीत गावी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, “आमची मुंबई खंय आसा सध्या?” मी सांगितलं, विशाखापट्टणमला. त्यांनी मान हलवली, जणू पोरगी लांब दिलीय आणि सासर बरं आहे. मी विचारलं, ती परत मुंबईत आली, संग्रहालय झालं, तर बघायला याल? तुम्हाला तोफेजवळ घेऊन जातो, हेलिकॉप्टरच्या हँगरात घेऊन जातो.

ते म्हणाले, “वर काय बघूचा? माझां काम खाली आसा. डबल बॉटमात. थंयसर न्हेशात तर येतंय.”

डबल बॉटम म्हणजे जहाजाच्या तळाचे दोन थर आणि त्यांच्या मधली जागा. कंबर वाकवून, कधी पोटावर सरपटत जावं लागतं. कृपया आराखड्यात तिथे एक दिवा आणि माणूस आत जाईल एवढं झाकण ठेवा.

आपला,
माझगाव गोदीतल्या एका वेल्डरचा मुलगा